इंगोले मॅडमचा खो-खो

भूक लागली म्हटलं, तरी इंगोले मॅडम म्हणतात, ‘‘सिद्ध करा.’’ एकदा आमचे मुख्याध्यापक तापाने फणफणून घरी निघाले होते. मॅडम दारातच आडव्या. ‘‘सिद्ध करा, सर.’’ सरांनी निमूट मनगट पुढे केलं.

मेडशीच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे मी मराठी शिकवते, मॅडम गणित. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी झाली ती भरलीच जाईना, तेव्हा सर म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्या रेषा सरळ येतात. खो-खोचं मैदान तेवढं आखून द्या.’’ मॅडमनी दोरी, खुंट्या आणि वर्गातला लाकडी कोनमापक घेऊन मैदान आखलं. मुली लगेच त्यात जाऊन बसल्या आणि मॅडमच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्यांना उठवणं काही मॅडमना जमलं नाही.

खेळ मॅडम स्वतः मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकल्या. सुती साडी, खाली कापडी बूट, डोक्यावर छत्री. खांबाला वळसा घालताना मुलगी घसरली की ओरडायच्या, ‘‘अगं, त्रिज्या वाढव!’’ मुलगी गोंधळून आणखीच घसरायची. शेवटी त्यांनी खांबाभोवती चुन्याचं वर्तुळ काढलं आणि त्रिज्या पायांनी मोजायला लावली. तेव्हापासून मैदानावरच भूमितीचा तास सुरू झाला. चाचणीला कोरा पेपर देणाऱ्या मुली आकृत्या काढू लागल्या. इकडे तालुक्याचे सामनेही जिंकू लागल्या.

सगळ्यांत चपळ होती कीर्ती. किन्हीराजाहून एसटीने यायची. दहावीला गेली आणि सरावाला यायची बंद झाली. मॅडम मला घेऊन थेट तिच्या घरी. तिचे वडील, गजाननभाऊ, अंगणात सोयाबीन वाळत घालत होते.

‘‘मॅडम, पोरगी दहावीले हाय. खेळूनच राह्यली तं अभ्यास कवा करन?’’

‘‘भाऊ, खेळ बंद केला की मार्क वाढतात, हे सिद्ध करा.’’

भाऊ डोकं खाजवू लागले. ‘‘आता ते मले कसं जमन?’’

‘‘मंग आमी करतो. कीर्ती, बाहेर ये. वर्तुळाची स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. दाखव बाबांना.’’

कीर्तीने पसरलेल्या सोयाबीनमध्येच बोटाने वर्तुळ काढलं आणि बोलायला लागली. न अडखळता, मान वर करून. भाऊंना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते आकृतीकडे बघतच नव्हते, मुलीच्या तोंडाकडे बघत होते. तिचं झाल्यावर बायकोला हळूच म्हणाले, ‘‘व्हय वं, घरी तं तोंड उघडत नाही ही.’’

दुसऱ्या दिवशी कीर्ती मैदानावर होती.

वाशिमला जिल्ह्याचा अंतिम सामना झाला, तेव्हा मॅडम मैदानाकडे पाठ करून एका कडुनिंबाकडे बघत उभ्या राहिल्या. मी धावतं वर्णन सुरू केलं, तर मला थांबवलं. ‘‘गुण नका सांगू. कोणी पडली का, तेवढं सांगा.’’ आम्ही जिंकलो तेव्हाही त्यांनी आधी पोरींचे गुडघे तपासले. त्याच मुलींतली एकही पुढे दहावीला गणितात नापास झाली नाही. निकालाच्या दिवशी मॅडम शाळाभर पेढे वाटत फिरल्या आणि त्या दिवशी मात्र कोणाकडे काहीच सिद्ध करायला मागितलं नाही.

मग मुली पांगल्या. कोणी तालुक्याला, मालेगावला अकरावीला गेली, कोणी वाशिमला. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी राहिलेल्या कामासाठी मी शाळेत गेले, तर मोकळ्या मैदानात मधल्या चौकोनात कोणीतरी बसलेलं दिसलं. मॅडमच होत्या. पदर खोचून, हात जमिनीला टेकून, उठायच्या तयारीत.

‘‘मॅडम, काय चाललंय?’’

‘‘काही नाही. पोरी इथं बसून वाट पाहतात, ते कसं वाटतं बघावं म्हटलं.’’

‘‘अंधार पडतोय. घरी नाही जायचं?’’

‘‘घरी कोणाले घाई हाय?’’ मॅडम हसल्या, पण उठल्या नाहीत.

मी पर्स बाजूला ठेवली. त्यांच्या मागे गेले, पाठीवर थाप दिली आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले, ‘‘खो!’’

पकडायला समोर कोणीच नव्हतं. तरी मॅडम सुटल्या त्या थेट खांबाच्या दिशेने. खो देणारीनं रिकाम्या झालेल्या जागेवर बसायचं असतं. मी बसले.