सासऱ्यांची पिकअप आणि माझं मिश्र इंधन

माझी बायको सुतार आहे. हे मी कुणालाही, कधीही, त्याने विचारलं नसलं तरी सांगतो. घरामागच्या शेडमध्ये तिचा रंधा चालतो आणि मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकुनी करतो. (आजवर माझ्या हातून एकच लाकडी वस्तू घडली, एक स्टूल. ते इतकं कलतं की त्यावर कुणी बसत नाही. कुंडी ठेवली आहे, तीही कलते.)

नव्या वाचनालयाच्या पुस्तकांच्या कपाटांचं काम तिला मिळालं, तेव्हा माझी छाती अशी फुगली की साहेबांनी तब्येतीची चौकशी केली. कपाटं तयार झाली. उद्या उद्घाटन, सकाळी कपाटं पोचवायची. संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, पिकअपमध्ये तेवढं पेट्रोल भरून आणाल? साधं आणा हं."

पिकअप मूळची सासऱ्यांची. लेकीने शेड उघडली तेव्हा त्यांनी ती तिला दिली, म्हणजे किल्ली दिली. जीव अजून त्यांचा गाडीतच आहे. वयाने गाडी माझ्यापेक्षा थोडी लहान असेल, पण त्या घरात तिला माझ्यापेक्षा मान जास्त.

पंपावर एक नवीन मशीन लागलं होतं. वर हिरवं पान आणि खाली 'जादा इथेनॉल मिश्रित इंधन'. आता इथेनॉल या विषयावर मी मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले आहेत की मला कुणीतरी त्यावर प्रश्न विचारावा म्हणून मी तळमळत असतो. ऑक्टेन जास्त, म्हणजे ताकद जास्त! कपाटं जड, वाचनालयाचा चढ उभा. बायकोच्या एवढ्या मोठ्या दिवशी मी साधं पेट्रोल भरू?

"साधं की मिश्र?" पंपावरच्या बाईंनी विचारलं.

"मिश्र. फुल टँक!" विमान उडवायला निघाल्यासारखा मी म्हणालो.

सकाळी गाडी झकास निघाली. चढ लागला तसं मला राहवेना.

"जोर जाणवतोय ना?"

"कसला जोर?" बायकोची नजर रस्त्यावर होती.

"इथेनॉलचा."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्याच क्षणी पिकअपला उचकी लागली. मग दुसरी. मग ती चढाच्या मध्यावर जी थांबली, ती थांबलीच. वर वाचनालयाच्या दारात माणसं जमलेली दिसत होती.

"मी साधं सांगितलं होतं."

"साधं काय, कुणीही भरतं!"

बायकोने बॉनेट उघडलं आणि फिल्टर काढून माझ्या नाकासमोर धरला. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं निवांत बसलेला गाळ इथेनॉलने सोडवून काढला होता आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन अडकला होता.

"बघ, किती स्वच्छ करतं!" मी म्हणालो. (काही वाक्यं खरी असली तरी बोलायची नसतात.)

तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, नवा फिल्टर आणि कॅनमध्ये साधं पेट्रोल घेऊन या. ह्यांनी अल्कोहोल घातलंय... घेतलंय नाही हो, घातलंय! इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच... हॅलो? बाबा?"

फोन कटला, तो नेमका 'अल्कोहोलच'वर.

ती वाचनालयात सांगायला वर गेली. आपण निदान टाकी रिकामी करून ठेवावी म्हणून मी रबरी नळी टाकीत सोडली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. व्हिडिओतला माणूस हे हसत हसत करतो. माझ्या तोंडात भस्सकन घोट आला. मी थुंकत, खोकत, लाल डोळ्यांनी रस्त्याकडेला बसलो, तेवढ्यात सासऱ्यांची स्कूटर आली.

"जावईबापू! सकाळी सकाळी?"

"एकच घोट..." मी कसंबसं म्हणालो.

"आणि तोही नळीने?"

"बाटली नव्हती ना."

त्यांनी वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला आणि दचकून मागे सरले. "ही कुठली काढलीत?"

"नवीन आलीय. हिरव्या पानाची."

"घेतलीत तरी किती?"

"फुल टँक," मी म्हणालो. सासऱ्यांनी स्कूटरचाच आधार घेतला.

तेवढ्यात चढावरून बायको उतरली. एकटी नव्हती. मागे ग्रंथपालबाई, वाचक, उद्घाटनाला इस्त्रीचे कपडे घालून आलेली मंडळी, सगळे बाह्या सरसावून येत होते.

"गाडी चालत नसली तर नसू दे," बायको म्हणाली. "कपाटं चालतील. बाबा, तुम्ही काय घाबरलात? अल्कोहोल ह्यांच्यात नाही, गाडीत आहे!"

सासऱ्यांना आधी हायसं वाटलं. मग गाडी आठवली आणि जे हायसं वाटलं होतं ते परत गेलं.

पण मंडळी, काय ती मिरवणूक! एकामागून एक कपाट माणसांच्या खांद्यांवरून चढ चढत होतं आणि बायको पुढे उलटी चालत "डावीकडे घ्या, कोपरा सांभाळा" म्हणत होती. एका आजोबांनी सांध्यावरून बोट फिरवलं. "अहो, यात खिळा कुठेच दिसत नाही!"

"नाहीच आहे!" मी खालून ओरडलो. "एकही नाही!"

मी आणि सासरे एकाच कपाटाची दोन टोकं धरून होतो. "लहानपणी हिला बाहुली दिली होती," ते हळूच म्हणाले. "पाय मोडला, तर हिने लाकडाचा बसवला. आधीपेक्षा बरा." मग धूळ फार आहे म्हणत त्यांनी डोळे खांद्याला पुसले. रस्त्यावर धूळ अजिबात नव्हती. माझ्याही डोळ्यांत ती गेली.

उद्घाटनाआधी कपाटं भिंतीला लागली. ग्रंथपालबाईंनी बायकोचा हात हातात घेतला. मी अंग चोरत चोरत नेमका मध्ये जाऊन उभा राहिलो.

"आणि हे?"

"मी ह्यांचा नवरा!" एवढ्या अभिमानाने मी माझं पदही कधी सांगितलं नव्हतं.

"वा! मग तुमचीही यांना कामात मदत होत असेल?"

मी नम्रपणे नजर खाली केली. अशी उत्तरं आपण स्वतः द्यायची नसतात.

"होते ना," बायको म्हणाली. "गाडीत पेट्रोल हेच भरतात."

"भरायचे," सासरे म्हणाले.