जिन्यातल्या खांबाची भेग

लेखक म्हणून आपली दखल सगळ्यांना घ्यावीच लागेल, असं नोकरी सोडताना सुबोधने छातीठोकपणे सांगितलं होतं. इमारतींचे खांब तपासण्यात अर्धं आयुष्य घालवलेला इंजिनिअर तो! दिवाळी अंकात पहिली कथा आली, तीही खांबाचीच. जिन्यातल्या खांबाला भेग पडते, कोणी लक्ष देत नाही आणि शेवटी अख्खी इमारत बसते. मुलुंडच्या आपल्या सोसायटीत त्याने हौसेने घरोघरी अंक वाटले आणि तिथेच वाट लागली.

कारण सोसायटीच्या जिन्यातल्या खांबाला भेग खरोखरच होती. ती बघूनच तर त्याला कथा सुचली होती. लोकांनी ती वाचली इंजिनिअरचा रिपोर्ट म्हणून. सेक्रेटरी प्रीतमने जिन्यात पाय न आपटण्याची सूचना लावली. तळमजल्यावरच्या सुगंधाआजींना कांदिवलीला हलवायला त्यांच्या मुलाने, चंद्रप्रकाशने, टेम्पोच बोलावला. आजी मांडीवर पिशवी घेऊन दारात बसून राहिल्या.

"माका खंयच जावचा नाय," एवढंच त्या म्हणत होत्या.

गोष्ट रचलेली आहे, असं सुबोध दिसेल त्याला सांगत सुटला. मग त्याच्याच मनात नको ती शंका शिरली. कथेच्या नादात आपण खांब नीट पाहिलाच नसेल तर? आजींना थांबवलं आणि उद्या खरंच काही झालं तर? घामाघूम होऊन तो हातोडी घेऊन जिन्यात गेला आणि सगळ्यांसमोर भीतभीत ठोकू लागला. प्लास्टरचा पापुद्रा भेगेसकट खाली पडला. आतलं काँक्रीट ठणठणीत होतं. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"नुसतं प्लास्टर आहे. खांबाला काही झालेलं नाही."

चंद्रप्रकाशने संशयाने पाहिलं. "तुझं काय खरं धरायचं? तू आता लेखक ना रे?"

कथेवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी माणसं आता हातोडीवरही ठेवीनात. शेवटी आजीच उठल्या. पिशवीतून त्यांनी अंक काढला.

"ही गोष्ट खोटी आसा म्हणान हंय लिही आणि सही कर."

सुबोधने लिहिलं. ते बघून प्रीतमही अंक घेऊन आला आणि बघता बघता जिन्यात रांग लागली. सहीसाठी वाचकांची रांग! कॉलेजपासून हेच तर स्वप्न होतं त्याचं. वरच्या कठड्यावरून बायको, श्वेता, बघत होती. त्याने तिच्याकडे जरा ऐटीतच पाहिलं.

तेवढ्यात आजींनी चष्मा लावून सही तपासली आणि अंक पुन्हा पुढे केला.

"खाली बी.ई. घाल. लेखकाच्या सहीक कोण इचारता?"

टेम्पो रिकामा परत गेला. सुबोधने मुकाट्याने सगळ्यांच्या अंकांवर बी.ई. घातलं.