किटलीचं झाकण

बेटावर जाणारी साडेतीनची बोट चुकली तर पुढची थेट उद्या, हे बसचा ड्रायव्हर डूगलने स्कॉटलंडमधल्या पेझली गावाहून निघतानाच बजावलं होतं. लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ, त्याच्या मंडळातल्या अठरा मैत्रिणींनी माना डोलावल्या आणि लगेच थर्मास उघडले.

खरी घाई एकट्या इशबेलला होती. बेटावर तिची धाकटी बहीण उना राहायची. आईला पोचवून आल्यावर पाहुण्यांना चहा कोणी ओतायचा, यावरून दोघींचं वाजलं होतं. उना तणतणत किटली घेऊन गेली आणि झाकण इशबेलच्या हातात राहिलं. त्याला अकरा वर्षं झाली. आधी तिने यावं, असं दोघीही म्हणत राहिल्या. यंदा इशबेलला शहात्तरावं लागलं, तेव्हा मात्र तिने झाकण रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. उनाला काही कळवलं नव्हतं.

"कळवलं तर माघार घेतल्यासारखं दिसेल," ती शेजारच्या नेटाला म्हणाली.

"आणि न कळवता तिच्या दारात जाऊन उभी राहिलीस की जिंकल्यासारखं दिसेल होय गं?"

डोंगरात शिरल्यावर रस्ता एकेरी झाला. समोरून कोणी आलं की ज्याला पांढऱ्या पाटीची रुंद जागा जवळ असेल त्याने तिथे सरकायचं, आणि जाणाऱ्याने हात वर करून आभार मानायचे. हात वर केला नाही तर तिथे सात पिढ्यांचा उद्धार होतो. नेटाला मात्र नुसता हात कोरडा वाटायचा. एक मेंढपाळ ट्रॅक्टर-ट्रॉलीसकट बाजूला सरकला, तर तिने बस थांबवून त्याला घरच्या दूध-साखरेच्या वड्या नेऊन दिल्या. फुकट घेणं त्यालाही जमेना. त्याने डझनभर अंडी दिली. मग अंड्यांच्या बदल्यात द्यायला कोणाकडे मुरंबा आहे का, याचा बसभर शोध सुरू झाला. मागे गाड्यांची ही रांग लागली.

"अहो बाई, बोट!" डूगल कळवळला.

"बाळा, बोट उद्याही आहे."

"उद्या आपण परत पेझलीत असू!"

इशबेलने पर्स छातीशी धरली. तिचे डोळे भरून आले होते.

सव्वातीनला एका वळणावर लाल रंगाची छोटी गाडी समोरासमोर आली. बसच्या मागे रांग, त्यामुळे मागे घेणं लाल गाडीच्याच नशिबी होतं. ती पाच मिनिटं हलली नाही. मग रागारागाने मागे गेली, आणि तिचं चाक चरात उतरलं. सगळ्याजणी धावल्या. काच खाली आली.

"रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

चेहरा दिसण्याआधीच इशबेलने आवाज ओळखला. "उना?"

"इशबेल! तू इकडे कुठे?"

"तुझ्याकडे. आणि तू?"

"तुझ्याकडेच," उना पुटपुटली. शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, आईची किटली बसली होती.

लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. कोणी मान वळवली नाही.

"वेळेवर आलो असतो," डूगल हळूच म्हणाला, "तर ही बाई कुठल्यातरी पाटीपाशी सरकली असती आणि आपण हात करून पुढे गेलो असतो."

इशबेलने नेटाला मिठीच मारली. "तुझ्या वड्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत गं!"

अठराजणींनी गाडी चरातून उचलली. थर्मासमधला चहा किटलीत ओतला गेला, आणि इशबेलने रुमाल सोडून झाकण ठेवलं. ते टुपकन आत पडलं.

"अगं, हे साखरेच्या भांड्याचं आहे," उना म्हणाली.

"अकरा वर्षं कपाटात जपलं मी ते!"

"मी बशी झाकते. छान बसते."

दोघी हसता हसता रडल्या. मग इशबेलने किटली पुढे केली. "तू ओत."

"छे, तू मोठी. तू ओत."

"नाही, तूच."

मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. आणखी अकरा वर्षं इथेच जाणार, हे ओळखून डूगलने किटली उचलली आणि पहिला कप भरला.

एकोणीस बायकांनी एकदम हात वर केले.