बन्सी मास्तरांचा ग्रीस

माझा धाकटा भाऊ बन्सी घरी आलेली लग्नपत्रिका लाल पेनानं तपासतो, खाली दहापैकी गुण देतो आणि ज्याची त्याला परत पाठवतो. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं चिल्यापिल्यांच्या नावानं छापलेलं असलं की एक पूर्ण गुण जातो. माझे यजमान वारले तेव्हा मी त्याला दशक्रियेची पत्रिका पाठवली होती. तिला सहा मिळाले. शेजारी शेरा होता, 'मजकूर बरा. घाई दिसते.'

मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

बन्सी शिरपूरच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवत होता. निवृत्त झाला तो फक्त कागदावर. किराणा दुकानात गेला तरी विचारणार, "गूळ कुठून येतो? सांगा पाहू." दुकानदार गप्प. "नाही येत? बसा खाली." दुकानदार बिचारा आधीच बसलेला असतो. मग बन्सी स्वतःच उत्तर देतो, उत्तर बरोबर आलं म्हणून मान हलवतो आणि गूळ विसरून घरी येतो.

आम्ही दोघं शिरपूरजवळच्या खेड्यातले. घरात अहिराणी. पण मास्तर झाल्यापासून त्यानं अहिराणीला उंबऱ्याबाहेर काढलं. मी "बन्सी, हाई काय शे?" म्हटलं की हा म्हणणार, "अक्का, 'हे काय आहे' असं म्हण. मग सांगतो." मी चौथी शिकले आणि सावद्याला दिली गेले. पन्नास वर्षं केळीच्या बागेत काढली. मला कोणी दुरुस्त करायला आलेलं चालत नाही. मी म्हणायची, "नको सांगू."

सगळ्या जगात त्याचा लाडका देश ग्रीस. कधी पाहिलेला नाही, पण बोलायचा असा की तिथं त्याची सासुरवाडी आहे. त्यातही स्पार्टा. स्पार्टात मुलांना उपाशी ठेवायचे, फटके मारायचे, थंडीत उघडं झोपवायचे, म्हणून ती पोलादासारखी झाली, हे तो दरवर्षी सहावीच्या वर्गाला सांगायचा. सांगताना हातात छडी असायची, त्यामुळे कोणाला शंका येत नसे.

त्याच वर्गात त्याचा एकुलता मुलगा हेमंत बसायचा. मास्तराचं पोर मास्तराच्याच वर्गात असलं की लोक म्हणतात, घरचाच पेपर, घरचेच गुण. तसं कोणी म्हणू नये म्हणून बन्सीनं नियम केला होता. शिक्षा द्यायची तर सुरुवात हेमंतपासून. दुसऱ्याला दोन छड्या तर ह्याला चार. आणि शाळेत 'बाबा' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं. घर शाळेच्या आवारातच होतं. शाळा कुठं संपते आणि घर कुठं सुरू होतं हे त्या पोराला कधी कळलं नसावं. तो घरीही 'सर'च म्हणू लागला. अजून म्हणतो.

सहावीत एकदा नकाशा भरायचा होता. हेमंतनं अथेन्स इटलीत दाखवलं. बन्सीनं उलटा हात धरून लाकडी पट्टी मारली. डाव्या हाताचं शेवटचं बोट मोडलं. ते पुढं सरळ बसलं, पण वाकेना. आता हेमंत जर्मनीत इंजिनिअर आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. ते बोट तसंच ताठ आहे.

बन्सीची बायको गेल्यावर बापलेकातलं बोलणं आणखी कमी झालं. महिन्यातून एक फोन. 'औषध घेता का सर?' 'घेतो.' 'बरं.' आणि अशात गेल्या वर्षी हेमंतनं कळवलं, सात दिवस रजा काढतो, ग्रीस दाखवतो, गाडी मी चालवीन. अट एकच. आत्या बरोबर पाहिजे.

मला कशाला, ते पहिल्याच दिवशी कळलं. अथेन्सच्या विमानतळावरून गाडी निघाली. बन्सी पुढं, मी मागं. हेमंत म्हणाला, "आत्या, सरांना सांग, पट्टा लावा म्हणावं."

सर हातभर अंतरावर बसलेले. मी म्हटलं, "बन्सी, पट्टा लाव."

"त्याला सांग, लावतो आहे," बन्सी म्हणाला.

सात दिवस मी हेच काम केलं. दोघांच्या मधली तार होऊन बसले होते मी.

हेमंतच्या मोबाइलमध्ये रस्ता सांगणारी बाई होती. बन्सीनं घरून शाळेचा जुना नकाशासंग्रह आणला होता. बाई म्हणाली उजवीकडे वळा की बन्सी म्हणायचा, "बाई, थांबा जरा." मग चष्मा कपाळावर सरकवून पानात नाक खुपसायचा. तोवर वळण मागं जायचं. बाई पुन्हा पहिल्यापासून सांगायची. "चिकाटी आहे," बन्सी म्हणाला. त्या बाईचं त्यानं जेवढं कौतुक केलं तेवढं स्वतःच्या बायकोचं केलेलं मला आठवत नाही.

अथेन्सच्या टेकडीवरचं ते मोठं देऊळ पाहिलं. सगळं बांबूनं बांधतात तशा लोखंडी पायाडांनी जखडलेलं. देऊळ म्हणून मी चपला काढल्या. फरशी तव्यासारखी. पहारेकरी बाईनं शिट्टी मारली, हातानं खुणावलं, घाला. देवळात चपला घाला म्हणून ओरडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. बन्सी तिच्याकडे गेला आणि शुद्ध मराठीत तिला देवळाची माहिती सांगू लागला. तिनं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं विचारलं, "समजलं?" ती हसली. "हुशार आहे," बन्सी म्हणाला.

हेमंत कुठंच आत येत नव्हता. तिकिटं काढून द्यायचा, पाण्याची बाटली माझ्या हातात द्यायचा आणि गाडीपाशी उभा राहायचा. डेल्फीला डोंगरावर चढून मी दमले, बन्सीनं देववाणी सांगणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली, ती मी एकटीनं ऐकली. बन्सी दर चार वाक्यांनी खाली गाड्यांकडे बघायचा.

ऑलिंपियाला मात्र मी थांबले. तिथं एका देवळाचे खांब भूकंपात पडलेत. एकेक खांब जसा पडला तसाच आडवा, गोल गोल चकत्या एकमेकींवर टेकलेल्या. आमच्याकडे जूनच्या तोंडाशी वारा सुटतो आणि कापणीला आलेली केळीची बाग झोपते ना, अगदी तशी. मी म्हटलं, "बन्सी, इथं बाग झोपली रे." त्यानं मला दुरुस्त केलं नाही. "अक्का, दहापैकी नऊ," म्हणाला. माझ्या आयुष्यातले सगळ्यात जास्त गुण.

पाचव्या दिवशी स्पार्टा. सकाळपासून बन्सी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हॉटेलातल्या मुलीला वाटलं हा मोठा साहेब आणि हेमंत त्याचा ड्रायव्हर, कारण 'सर' एवढा एकच शब्द तिला कळत होता. हेमंतनं तिचा गैरसमज काढला नाही.

स्पार्टात काही नाही. मी खोटं कशाला सांगू? ऑलिव्हची झाडं, मधेमधे दगडांचे पाये, गुरं बांधायच्या जागेसारखे. आमच्या गावची पांढरी, जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, याहून उंच असेल. बन्सी फिरफिर फिरला. एका पायापाशी उभा राहिला, दुसऱ्यापाशी गेला.

त्या दिवशी पहिल्यांदा हेमंत आत आला होता. झाडाच्या सावलीत उभा राहून म्हणाला, "आत्या, सरांना विचार, एवढी मारून वाढवलेली मुलं. त्यांनी मागं काय ठेवलं?"

मी विचारलं नाही. गरज नव्हती. बन्सीनं ऐकलं होतं. त्याला एक उत्तर येत नाही असं मी त्याच्या सत्तर वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तो एका दगडावर बसला. कोणी बसा म्हणालं नव्हतं.



सहाव्या दिवशी एपिडॉरस. तिथं डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्यांचं जुनं नाटकघर आहे, अर्ध्या सुपासारखं. खाली मध्यभागी एक गोल दगड. बन्सी म्हणाला, "अक्का, त्या दगडावर उभं राहून पुटपुटलं तरी अगदी वरच्या पायरीवर स्वच्छ ऐकू येतं. तुम्ही दोघं वर जा. मी बोलतो." मग बिचकत म्हणाला, "त्यालाही घेऊन जा."

मी हेमंतला म्हटलं, "चल. मला हात धरायला माणूस पाहिजे." तो आला. अर्ध्या पायऱ्या चढलो आणि त्याचा फोन वाजला. कामाचा फोन. "आत्या, तू हो पुढं," म्हणाला आणि बाजूच्या वाटेनं उतरून गाडीकडे गेला.

मी गुडघे धरत वर पोचले. शेजारी एक गोरा माणूस बसला होता, हेमंतच्याच अंगलटीचा, डोक्यावर हेमंतनं उन्हासाठी घातली होती तशीच पांढरी टोपी. बन्सीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया करून घे म्हटलं तर म्हणतो, अभ्यासक्रमात नाही.

खाली तो दगडावर उभा राहिला. मला वाटलं, आता 'सांगा पाहू' सुरू होणार. पण तो हात बांधून उभा राहिला, शाळेत पोरं उभी राहतात तसा. आणि अगदी हळू बोलला. कानाशी बोलावं तसं मला ऐकू आलं.

"हेमंत, तुनं बोट मी मोडं. बठ्ठी चूक मनी शे. आते माले सर नको म्हनू, बेटा."

किती वर्षांनी मी त्याच्या तोंडची अहिराणी ऐकली.

पायऱ्यांवर बसलेल्या गोऱ्या लोकांना वाटलं, काहीतरी नाटकातलं असावं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या पांढऱ्या टोपीवाल्यानं उभं राहून वाजवल्या.

मी खाली आले तेव्हा बन्सी पहिल्या पायरीवर बसला होता. "अक्का, त्यानं टाळ्या वाजवल्या. उभा राहून."

काय सांगणार होते मी? "हो," म्हटलं.

"काही बोलला?"

"फोन आला त्याला. गेला खाली."

बन्सी तोंड धुवायला नळावर गेला तेवढ्यात मी गाडीपाशी गेले. हेमंतला शब्दाला शब्द सांगितलं, बोट त्यानं मोडलं, सगळी चूक त्याची, आता त्याला सर म्हणू नको. तो काच पुसत होता, पुसत राहिला.

"तुला ऐकू आलं ना आत्या? मग ते तूच ठेव."

"तुझ्यासाठी बोलला तो."

"बोट मोडलं त्या दिवशी तू आमच्याकडं आली होतीस. हळद लावलीस माझ्या हाताला. आठवतं काय म्हणाली होतीस?"

मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, बापानं मारलं तर तुझ्या भल्यासाठीच मारलं, पुढच्या वेळी नकाशा नीट काढ.

"तू एक शब्द बोलली असतीस ना त्यांना," हेमंत म्हणाला, "त्यांनी ऐकलं असतं. तुलाच घाबरायचे ते."

मी गाडीत बसले.

बन्सी आला. हेमंतनं दार उघडून धरलं. "सर, डोकं सांभाळा."

मला न सांगता, सरळ त्याला म्हणाला, एवढंच काय ते. बन्सी मागं वळून माझ्या कानात पुटपुटला, "जिभेला सवय आहे त्याच्या. वेळ लागेल." दुसऱ्या दिवशी विमानतळावर हेमंत वाकून पाया पडला, बॅगा आत दिल्या आणि गेला. त्यानंतर महिन्याला एक फोन येतो. औषध घेता का सर?

परत आल्यावर शिरपूरच्या वाचनालयानं बन्सीचं व्याख्यान ठेवलं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'प्राचीन ग्रीस: प्रत्यक्ष पाहिलेला'. त्याचे जुने विद्यार्थी आले होते, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले. तरी मास्तर आत आल्यावर ताडकन उभे राहिले. सावद्याहून मी मुद्दाम आले होते. पहिल्या रांगेत बसले.

बन्सी उठला. कागद काढले, बघितले, परत खिशात ठेवले.

"माझा मुलगा गाडी फार छान चालवतो," तो म्हणाला. "सात दिवस त्यानं एकट्यानं चालवली. घाटात वळण आलं की हळू घ्यायचा. एकदाही हॉर्न वाजवला नाही. माझ्या अंगावर ऊन यायला लागलं की, मी काही न बोलता, माझ्या बाजूची काच तो वर करायचा."

लोक वाट बघत राहिले. मागून कोणीतरी विचारलं, "सर, देवळांबद्दल सांगा ना."

"ते पुस्तकात आहे," बन्सी म्हणाला आणि खाली बसला.

काच हेमंत एसी लावण्यासाठी वर करायचा. मी मागंच बसलेली असायची, मला माहीत आहे. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.