नांगर कोरलेली खुर्ची

माणसांना बोलण्यात गुंतवून ठेवणं ही कला आहे आणि ती मला येते. हे मी सांगायला नको, आमच्या बेटावरचं एर्मूपोलीचं अख्खं बंदर सांगेल. तीस वर्षं मी बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसलो. वादळ झालं की बोट आठ-आठ तास यायची नाही आणि शंभर माणसं माझा गळा धरायला टपलेली असायची. मी त्यांना अशी गोष्ट लावून द्यायचो, की बोट आल्यावर निम्म्यांना चढायचं भान राहायचं नाही. तेव्हा संग्रहालयाच्या एका राखणदार बाईला दोन मिनिटं गुंतवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी फालिया आत्याला ठणकावून सांगितलं.

फालिया आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कुरकुरतात, जीभ कुरकुरत नाही. बारा वर्षांची असताना तिला कॅप्टन निकोलस पेलेकानोस यांच्या घरी कामाला ठेवलं होतं. नऊ वर्षं ती तिथे राबली. पुढे कॅप्टनच्या मागे कोणी उरलं नाही, घर नगरपालिकेकडे गेलं आणि त्याचं संग्रहालय झालं. आता तिथे तिकीट काढून जायचं, बुटांवर कापडी पिशव्या चढवायच्या आणि कशालाही हात लावायचा नाही.

आत्याला मात्र तिथे एकच काम होतं. दिवाणखान्यात खिडकीशेजारी लाल मखमलीची एक खुर्ची आहे. पाठीवर लाकडात कोरलेला जहाजाचा भला मोठा नांगर. त्या खुर्चीवर तिला बसायचं होतं.

"नऊ वर्षं त्या नांगराची धूळ कुंचल्याने काढली," ती म्हणाली. "एकदाही टेकले नाही."

"बसून काय होणार आहे, आत्या?"

"काही नाही. तिथून मी कशी दिसत होते, ते तरी कळेल."

यात एक जुनं दुखणं होतं. आमच्याकडे ज्याच्या नावाच्या संताचा दिवस, त्याच्या घरी त्या दिवशी कोणीही जावं. आमंत्रण लागत नाही. खिडक्या उघड्या आणि दारावरचा दिवा लागलेला दिसला की समजायचं, घरात माणसं वाट बघताहेत. ज्यांना पाहुणे नको असतील त्यांनी आधी वर्तमानपत्रात तसं छापून आणायचं. सहा डिसेंबरला संत निकोलसचा दिवस, म्हणजे खलाशांच्या देवाचा. त्या दिवशी कॅप्टनच्या घरी अर्धं गाव लोटायचं. आत्या चांदीचा ट्रे फिरवायची. त्यात कडू संत्र्याच्या सालींचा मुरांबा, प्रत्येकाला एक चमचा, आणि वर गार पाणी. मुरांबा तिने स्वतः केलेला असायचा. लोक चमचा तोंडात घालायचे, शुभेच्छा द्यायचे आणि दहा मिनिटांत उठायचे. शेवटचा पाहुणा गेला की कॅप्टनच्या बाईसाहेब स्वयंपाकघरात यायच्या.

"यंदाही कोणी टिकलं नाही," म्हणायच्या. "तुझा मुरांबा लोकांच्या घशाखाली उतरत नाही, मुली."

नऊ वर्षं दरवर्षी हेच. लग्न होऊन आत्या तिथून निघाली, बेटाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, पण तिच्या घरात संत्र्याचा मुरांबा पुन्हा झाला नाही. चेरीचा झाला, अंजिराचा झाला, एकदा तर कोवळ्या वांग्यांचासुद्धा झाला. संत्रं मात्र नाही. मी लहानपणी एकदा मागितला तेव्हा ती म्हणाली होती, तो मला जमत नाही. ती असं कशाबद्दलच म्हणत नसे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

तर बेत असा ठरला. सहा डिसेंबरलाच जायचं. सगळं गाव देवाच्या तसबिरीमागे मिरवणुकीत असणार, संग्रहालय ओस. राखणदार बाईला मी तळघरात नेणार, आत्या वर दोन मिनिटं बसून घेणार, कोणाला पत्ता लागणार नाही.

राखणदार बाई म्हणजे आसिमिना. पन्नाशीची, काटकुळी, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. सगळ्या खुर्च्यांना तिने दोऱ्या बांधून टाकलेल्या. आत्याचे गुडघे बघून तिने तिला जिन्यापाशीच्या बाकावर बसायला सांगितलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "खाली ती जहाजाची लाकडी प्रतिकृती ठेवलीय, तिला शिडं किती हो?"

आसिमिनाचा चेहरा उजळला. अकरा वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

इथे मला एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मी गुंतवणारा असलो तरी ही बाई माझ्या दोन पावलं पुढची निघाली. प्रत्येक शिडाचं नाव, प्रत्येक दोरीचा उपयोग, ती दोरी कोणत्या वादळात तुटली आणि तेव्हा कोण खलाशी वर होता. दोन मिनिटांनी मी "बरं, निघतो" म्हणालो. तिने माझी बाही धरली. वीस मिनिटांनी मी घड्याळ पाहिलं. तिने मला घड्याळाच्या बाजूला वळवलं, म्हणजे जहाजावरच्या घड्याळाच्या. तिकिटाच्या खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या सगळ्या माणसांची मी त्या तळघरात मनोमन क्षमा मागितली.

वर काय घडलं ते आत्याने मला नंतर सांगितलं. दिवाणखाना अंधारा होता. मखमल उन्हाने विटू नये म्हणून खिडक्या कायम बंद. पण संत निकोलसची संध्याकाळ, चारचा सुमार, आणि खिडक्या उघडणं हे नऊ वर्षं हिचंच काम. हाताला कोणी विचारत नाही. तिने खिडक्या उघडल्या. दारावरच्या दिव्याचं बटण पडद्यामागे पूर्वीच्याच जागी होतं, तेही दाबलं. मग दोरी सोडली, नीट गुंडाळून ठेवली आणि बसली.

नेमकी तेव्हा मिरवणूक संपली होती. लोक मिठाईचे डबे घेऊन निकोलसांची घरं शोधत निघाले होते. रस्त्यावरून त्यांना काय दिसलं? कॅप्टन निकोलसचं घर, खिडक्या उघड्या, दारावर दिवा, खिडकीत काळ्या पोशाखातली म्हातारी. आमच्या बेटावरच्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. आधी शेजारच्या दोघी बहिणी लुकुमीचा, म्हणजे पिठीसाखरेत घोळवलेल्या मऊ वड्यांचा, डबा घेऊन वर आल्या आणि त्यांनी आत्याचे दोन्ही गाल चुंबले.

"डबा घेऊन आल्या होत्या रे," आत्या म्हणाली. "परत कसं पाठवायचं?"

तळघरात आसिमिना एकदम थांबली. "वर कोण चालतंय?"

"उंदीर असतील," मी म्हणालो.

"बूट घालून?"

आम्ही वर धावलो. दिवाणखान्यात चौदा माणसं होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या सोफ्यावर दोन आजोबा बसले होते. कॅप्टनच्या नकाशांवर डब्यांचा ढीग लागला होता. आणि मधोमध संग्रहालय समितीचे अध्यक्ष थ्रासिवुलोस, तेही डबा घेऊन.

"उठा सगळे," आसिमिना म्हणाली. कोणी उठलं नाही.

थ्रासिवुलोस शांतपणे म्हणाले, "आसिमिना, यंदा इथे पाहुणे घेत नाही असं वर्तमानपत्रात दिलं होतंस का?"

दिलं नव्हतं. संग्रहालयाच्या वतीने असं द्यावं लागतं हे कोणाच्या डोक्यात येणार? पण रीत ती रीत.

मग थ्रासिवुलोस आत्याकडे वळले, घसा साफ केला आणि म्हणाले, की पेलेकानोस घराण्यातलं माणूस इतक्या वर्षांनी गावात परतलं हा आमचा सन्मान आहे. आपण कॅप्टनच्या कोण? नात?

माझ्या जिभेवर थाप तयारच होती. "त्या अलेक्झांड्रियाला—"

"स्तामाती, गप्प बस," आत्या म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून, "मी नात नाही. मी इथली मोलकरीण. या खोलीत नऊ वर्षं ट्रे फिरवला मी."

दोघी बहिणींतली थोरली आपल्या डब्याकडे बघायला लागली. आत्याने खुर्चीच्या हातांवर जोर देत उठायला सुरुवात केली.

"पाहुणे आलेच आहेत तर कोरड्या तोंडाने कसे जातील?" ती म्हणाली. "ट्रे कुठे असतो मला ठाऊक आहे."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. एकदा बसायचं म्हणून जिला मी आणलं, तिला मीच पुन्हा ट्रे उचलायला लावला होता.

आसिमिना किल्ल्या वाजवत पुढे आली. आता पोलिसांना बोलावणार, असं मला वाटलं. तिने काचेचं कपाट उघडलं, चांदीचा ट्रे बाहेर काढला, वरचाच डबा फोडून लुकुमी मांडली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं. ट्रेला 'हात लावू नये' ही चिठ्ठी तशीच लोंबत होती. तो घेऊन ती सगळ्यांत आधी आत्यासमोर उभी राहिली.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "मला फिरवता येतो."

आत्या बसली. एक लुकुमी उचलून खाल्ली. पिठीसाखर मखमलीवर सांडली. आसिमिनाने ती पाहिली, क्षणभर डोळे मिटले आणि पुढच्या पाहुण्याकडे वळली.

थोरल्या बहिणीने आत्याचे गाल पुन्हा चुंबले. सगळे पाणी प्यायले, त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि दहा मिनिटांत एकेक जण उठून गेला. आजोबा सर्वांत आधी.

घरी परतताना चर्चच्या पायऱ्यांवर मी भीत भीत विचारलं, "आत्या, कशी दिसत होतीस तिथून?"

ती थांबली. "ते कुठलं बघायला मिळतंय? तो नांगर पाठीत घुसतो रे. असा, मणक्यात. दहा मिनिटांच्या वर बसवतच नाही. सोफ्यालाही तसाच आहे, मी त्या आजोबांकडे बघत होते, कसे वळवळत होते." मग माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाली, "म्हणून कॅप्टन बसताना उशी घ्यायचा. मला वाटायचं, मोठेपणा." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माझ्या मुरांब्याला काही झालं नव्हतं, स्तामाती."

जानेवारीत कडू संत्री आली आणि तिने पाच बरण्या मुरांबा केला. एक आसिमिनाला पोचवायला मला पाठवलं. आसिमिनाने दारातच चमचाभर चाखला, मलाही दिला. घशाखाली सहज उतरला. मी निघणार तोच तिने माझी बाही धरली. मागच्या डोलकाठीचं सांगायचं राहिलं होतं म्हणे. तळघरातून मी वर आलो तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बरणी निम्मी केली होती.