डबीरांचं स्वतःचं छप्पर

माधवराव डबीर मला पहिल्यांदा दिसले ते खालून. नागपूरहून भोपाळला येऊन आम्हाला जेमतेम तीन दिवस झाले होते. सकाळी दात घासत अंगणात आलो, तर आमच्या छपरावर धोतर खोचून एक पन्नाशीचे गृहस्थ बसलेले. एकेक कौल उचलायचे, टिचकी मारायचे आणि कानाशी धरून ऐकायचे. चूळ माझ्या तोंडातच राहिली.

“वर बघता का कधी?” उलट त्यांनीच मला विचारलं.

राज्यांची पुनर्रचना झाली, भोपाळ राजधानी झालं आणि आम्हा कारकुनांना फायलींबरोबर इथे हलवलं. राहायला घाईघाईत डागडुजी केलेली कौलारू क्वार्टर्स मिळाली. डबीर आमच्याच कचेरीत, आवक-जावक टेबलावर. तिथे दिवसभरात चार शब्द बोलले तर खूप. पण घरी आले की कोट खुंटीला आणि माणूस छपरावर. आपल्या नाही, दुसऱ्यांच्या.

परवानगी वगैरे मागायची त्यांना सवयच नव्हती. पावसाळ्याआधी रांगेतल्या बाकी सगळ्या घरांची कौलं त्यांनी परतून दिली. पन्हळीत अडकलेला पालापाचोळा काढला. कौलांवर घासणारी कडुनिंबाची फांदी शेजारच्या खानसाहेबांना न विचारता तोडली आणि मग तासभर त्यांची बोलणी खाल्ली. चांगलं कौल खणखणतं आणि तडकलेलं कौल खोकतं, असं त्यांचं म्हणणं. वादळ येऊन गेलं की लोक दोऱ्यांवरचे कपडे शोधायला धावत आणि हे शिडी घेऊन निघत. एकदा आमच्याकडे पाहुणे जेवत असताना छपरातून डबीरांचा आवाज आला, “वहिनी, इथून तुमची आमटी दिसते.” पाहुण्यांचा घास हातातच राहिला. माझ्या बायकोने, कुसुमने, पंधरा दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्या श्रावणात तीन दिवस झड लागली होती. रविवारची दुपार. आमची दोन महिन्यांची मुलगी आतल्या खोलीत पाळण्यात झोपली होती. डबीर निथळत दारात आले आणि विचारपूस न करता सरळ आत गेले. छत्रीच्या टोकाने वरचा वासा ठोकला, कान देऊन ऐकलं, मुलीला पाळण्यातून उचललं आणि कुसुमच्या हातात दिलं.

“आज हिला स्वयंपाकघरात झोपवा,” ते म्हणाले.

परका पुरुष बाळंतिणीच्या खोलीत शिरलेला पाहून कुसुम लालबुंद झाली. मीही त्यांना चार शब्द सुनावले. वाशाला वाळवी असेल तर सोमवारी कचेरीतून अर्ज करीन, म्हणालो.

“वाळवीला सोमवार कळत नाही, कुलकर्णी,” एवढं बोलून ते पावसात निघून गेले.

अर्ध्या तासाने वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. आतून काहीतरी कडाडलं. धावत जाऊन पाहतो तो वासा मधोमध मोडलेला आणि पाळणा कौलांनी गच्च भरलेला. आम्ही दोघं उंबऱ्यातच थिजलो. कुसुम मुलीच्या हातापायांवरून पुन्हापुन्हा हात फिरवत राहिली.

मग तिनेच मला डबीरांकडे पाठवलं. आतापर्यंत त्यांच्या घरात आमच्यापैकी कोणीच गेलं नव्हतं. ते दारातच उभे राहून बोलत. त्या दिवशी दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि हादरलो. खोलीत चार ठिकाणी धार लागली होती. बादली, पातेलं, घंगाळ, जे असेल ते खाली मांडलेलं. अंथरूण कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं आणि डबीर एका कोरड्या फरशीवर पाय जवळ घेऊन बसलेले.

जे सांगायला आलो होतो ते विसरून मी म्हणालो, “हे काय? पाऊस उघडला की आपण दोघं मिळून हे नीट करू. एका दिवसाचं काम आहे.”

“अर्ध्या दिवसाचं,” ते म्हणाले.

त्यांची पत्नी नागपूरला शाळेत शिकवते, एवढंच मला ठाऊक होतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, तिची नोकरी तिकडची झाली आणि यांची इकडची. ती कधी येणार, असं कचेरीत सगळे त्यांना विचारत. घर गळतं, ते धड झालं की येईल, असं ते सांगत आणि आम्ही ती थट्टाच समजायचो. तिलाही पत्रातून तेच कळवत, हे मला त्या दिवशी समजलं.

“तिचं उत्तर येतं,” डबीर खाली बघत म्हणाले. “घर नीट झालं की कळवा, बघू. बघू, असंच लिहिते. आता मी छप्पर नीट केलं आणि तरी ती आली नाही, तर?”

बादली काठोकाठ भरली होती. मी ती उचलली, मोरीत रिकामी केली आणि पुन्हा धारेखाली नेऊन ठेवली. मग त्यांच्या शेजारी, उरलेल्या कोरड्या जागेत बसलो.