पोकुआमावशीचे बांगडे आणि अंगणातला करंट

त्या शुक्रवारी मी फक्त शिडी धरायला म्हणून बाहेर आलो. शिडी धरायला कोणी बोलावलं नव्हतं, हे खरं. पण अंगणात वायरमन मास्टर बारिमा वायरिंगला हात घालतोय आणि मी घरात बसलोय, असं निदान आमच्या कुमासी शहरात तरी घडलेलं नाही.

पोकुआमावशीचा फ्रीझर सकाळपासून नुसता गुरगुरत होता, चालू होत नव्हता. आत शनिवारच्या मयताच्या जेवणाचे बांगडे. ते नासले असते तर सुतकाचे काळे-तांबडे कपडे घालून आलेली सगळी पंगत मावशीच्या नावानं बोटं मोडत उठली असती, आणि पुन्हा कोणी तिच्याकडून मासळी घेतली नसती.

मास्टर म्हणाला, फ्रीझर धड आहे. व्हरांड्याच्या छताखालून मावशीच्या खोलीपर्यंत वायर येते, तिच्यातला एखादा जोड सैल आहे. त्यानं मेन बंद करून प्रत्येक जोड मल्टिमीटरनं तपासला. मी मान उंच करून वाचत होतो. सगळीकडे शून्य.

मी तडकलो. "सगळं शून्य, मग बिघाड काय आभाळात आहे?"

"मामा, मला हवाय तो रेझिस्टन्स इतका बारीक, की या मीटरच्या वायरींचाच त्याहून जास्त भरतो. यामच्या कंदांचं पोतं तोलायच्या तराजूवर चिमूटभर मीठ तोलल्यासारखं झालं हे. त्यापेक्षा वायरीतून भरपूर करंट जाऊ दे. सैल जोडाच्या अलीकडे-पलीकडे व्होल्टेजचा फरक दिसेल. मावशीच्या खोलीत जादा प्लगांचा बोर्ड ठेवलाय, करंट खाणारं काहीतरी आणून लावा."

आता करंट खाणारं आमच्या अंगणात कुठलं? सगळ्या बिऱ्हाडांना मिळून विजेचा मीटर एकच, तोही आधी पैसे भरले तेवढीच वीज देणारा. शेगडी, किटली, पाणी तापवायचा रॉड, सगळ्याला बंदी. आणि ती पाळली जाते की नाही हे बघायचं काम माझं. (कोणी दिलेलं नाही. पण कोणीतरी बघायला नको?) तरी दारोदार फिरलो. लोकांनी बल्ब आणले, पंखे आणले. शिंपीण अनिमानं मोबाइलचा चार्जर आणला. मेन चालू केला, पण मास्टरचा काटा ढिम्म.

मावशी फ्रीझरच्या झाकणावर जाऊन बसली. "नासू देत माझे बांगडे," ती शांतपणे म्हणाली. "उद्या मयताच्या घरी मी एकेका खोलीचं नाव घेऊन सांगेन, कोणी हात दिला नाही ते."

मग पास्टर डोंकोर खोकले, आत गेले, आणि टॉवेलात गुंडाळलेला रॉड बादलीसकट घेऊन आले. थंड पाण्यानं आत्मा ताजा राहतो असं दर रविवारी सांगणारा हा माणूस. माझं डोकंच फिरलं. गुडघ्यांसाठी आहे, म्हणाले. त्यांच्या पाठोपाठ अनिमा किटली घेऊन आली. (चार्जरवाली हीच.) मी विचारलं, लाज कुठे ठेवलीस?

"किटलीशेजारीच होती मामा, घाईत राहिली."

मग मात्र मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि प्रत्येकाचे वाभाडे काढले. वीज लवकर का संपते म्हणून दर महिन्याला भांडता, मी बिचारा अंधारात बसून जेवतो, वगैरे. शिरा ताणून बोललो. शिडीवरून मास्टर म्हणाला, काटा थरथरतोय, पण खात्री नाही. अजून एक दणकट वस्तू हवी.

"आणा," मी गरजलो. "अजून कोणी चोर उरला असेल, तर त्यानंही आणा."

माझी बायको अफ्रिये आमच्या घरातून दोन तव्यांची विजेची शेगडी घेऊन बाहेर आली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "जरा सरका, वाटेत उभे आहात."

शेगडी लागली आणि अनिमाच्या दारावरच्या जोडाशी काटा ताडकन उठला. मास्टरनं मेन बंद करून टेप सोडली. आत तांबं काळंठिक्कर. खरवडून, पिळून, आवळून त्यानं मेन चालू केला. फ्रीझर एकदा कण्हला आणि लागला. मावशीनं झाकणावर कपाळ टेकलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घरात गेलो, अफ्रिये आल्यावर दार लावलं आणि जमेल तितक्या दरडावणीनं विचारलं, "आपल्या घरात अशी वस्तू कधीपासून आहे?"

तिनं शेगडी पलंगाखाली सरकवली.

"कुठली?" ती म्हणाली.